एजंट क्षमस्व

दादरला एजंटशिवाय भाड्याची जागा मिळत नाही, असं जो तो सांगतो. तुम्हाला कशी मिळाली म्हणून विचारावं, तर "आमचं जरा वेगळं होतं" अशी सुरुवात होते आणि मग कुणाची तरी मावशी, मावशीची नणंद, नाहीतर भजनी मंडळातल्या एखाद्या वहिनी निघतातच. मी साताऱ्याहून आलेली. नोकरी प्रभादेवीला, मुक्काम डोंबिवलीच्या मैत्रिणीकडे. दादरमध्ये माझ्या ओळखीचं म्हणावं असं फक्त स्टेशन होतं. हट्ट मात्र दोन होते: शिवाजी पार्कावर चालत जाता येईल अशी खोली हवी, आणि एजंटला पैसे द्यायचे नाहीत.

पैसे म्हणजे साधारण एका महिन्याचं भाडं. डिपॉझिट, पहिलं भाडं, टेम्पो, गॅसची शेगडी यांनी खिसा आधीच रिकामा झालेला असतो, त्यात हे. पण माझा राग नुसता पैशांचा नव्हता. एजंट परक्याच्या घरात जाऊन पंखा असा लावून दाखवतो, की जणू तो पंखा त्यानंच शोधून काढलाय. खिडकी उघडतो, "हवा बघा मॅडम" म्हणतो आणि वर "संध्याकाळपर्यंत जाईल ही" अशी धमकी देतो. हवेचे पैसे ह्याला का द्यायचे, असं मला मनापासून वाटायचं.

छोट्या जाहिरातींत "एजंट क्षमस्व" लिहिलेलं दिसलं की जीव हरखायचा. फोन लावला की पलीकडून एजंटच बोलायचा.

मग मी ऑफिस सुटल्यावर नुसतीच हिंडायला लागले. रानडे रोडवरच्या गर्दीतून वाट काढत एखाद्या आतल्या गल्लीत शिरलं, की दादर एकदम खालच्या आवाजात बोलू लागतं. तीन मजली इमारती, लिफ्ट नाही, गॅलरीला जाळी, जिन्याचे कठडे हात फिरून फिरून तुळतुळीत झालेले. दिवेलागणीला कुठली खिडकी काळी राहते, ते मी मान वर करून बघायची. एक दिवस काळी राहिली तर माणसं गावाला गेलेली. रोजच राहिली आणि दोरीवर चिमट्यांखेरीज काही नसलं, तर जिन्याखाली जाऊन टपालपेट्या बघायच्या.

टपालपेट्या मला फार आवडायला लागल्या. एका पेटीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं वळणदार अक्षरात आजोबांचं नाव. त्याखाली प्लॅस्टिकच्या पट्टीवर मुलाचं, इंग्रजीत. त्याच्याही खाली कुरिअरवाल्यासाठी बॉलपेननं कुणीतरी लिहिलेलं: "ठाण्याला गेले." आत विजेची बिलं इतकी कोंबलेली, की दार फुगून अर्धवट उघडलेलं, आणि त्या फटीतून लग्नपत्रिकेचं हळदीकुंकू लागलेलं टोक बाहेर आलेलं. ते लग्नही कधीच होऊन गेलं असणार. एवढी दारं बंद आणि एवढी माणसं खोली शोधत हिंडणारी, हे गणित मला सुटत नव्हतं.

टपालपेटीच्याही पुढची खबर असते इस्त्रीवाल्याकडे. गोखले रोडच्या एका गल्लीत जिन्याखालच्या जागेत त्याचं टेबल. जाड घोंगडी, त्यावर पिवळी पडलेली चादर, कोळशाची इस्त्री, आणि शेजारी गठ्ठ्यांच्या चळती. गाव जौनपूर, पण मराठी आपल्यासारखंच. कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणी नोकरी सोडली, कुणाचा मुलगा परदेशी गेला, हे सगळं त्याला शर्टांवरून कळतं. माझे कुर्ते त्याच्याकडे टाकायला मी उगाचच सुरुवात केली. एके दिवशी कॉलरवर पाणी शिंपडत तो म्हणाला, "ताई, मागच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या माळ्यावर आजी आहेत. बाजूची खोलीपण त्यांचीच. तिथला मुलगा दिवाळीपासून कपडे देत नाही. गेला वाटतं."

आजी म्हणजे ऐंशीच्या घरातल्या, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांना आजी म्हटलेलं आवडत नाही हे पहिल्या मिनिटात कळलं, म्हणून काकू. दाराची साखळी न काढताच त्यांनी मुलाखत घेतली.

"कुणी पाठवलं?"

"खालच्या इस्त्रीवाल्यानं."

"तो फार बोलतो." साखळी निघाली. "एकटीच राहणार?"

या प्रश्नावर माझ्या कितीतरी जागा गेल्या होत्या. 'अशी ही बनवाबनवी' सिनेमात जागेसाठी दोघा बाप्यांना साड्या नेसाव्या लागल्या. मी तर जन्मानंच बाई, तरी बरोबर नवरा नाही म्हणून लोक दार लोटायचे. मी हो म्हटलं आणि गप्प राहिले.

"मासे खातेस?"

मी सावध झाले. "बाहेर खाते. घरात नाही करणार, तुम्हाला चालत नसेल तर..."

"मला न चालायला काय झालं! आमच्याकडे दिवसाआड असतात. वास येईल, तुला चालेल का ते विचारतेय."

बंद दारांचं गणितही काकूंकडेच सुटलं. त्यांच्या सासऱ्यांचं पार्ल्याला बैठं घर होतं. मागची खोली एका गृहस्थांना लायसन्सवर, म्हणजे नुसत्या राहण्याच्या परवानगीवर, दिलेली. १९७३ साली कायदा बदलला आणि १ फेब्रुवारीला जे कुणी असे लायसन्सवर राहत होते, ते सगळे कायद्यानं भाडेकरू झाले. भाडेकरू म्हणजे १९४७ च्या भाडे कायद्याचं संरक्षण. त्या कायद्यानं जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकलेली. "ते गृहस्थ चांगले होते गं," काकू म्हणाल्या, "पण सासरे गेले तोवर त्यांची पेन्शन सुरू झाली होती, आणि खोली त्यांच्याचकडे." तो धसका मुंबईच्या घरमालकांच्या दोन पिढ्यांनी खाल्लाय. पुढे १९९९ चा कायदा आला, मुदत संपल्यावर लायसन्सवाल्यानं जागा सोडली नाही तर दुप्पट भरपाई मागता येईल अशी सोय झाली, तरी कुलूप लावलेलं बरं असं म्हणणारे अजून आहेत. करार अकरा महिन्यांचाच करायची रीत मात्र नोंदणी टाळण्यासाठी पडलेली. करार कितीही महिन्यांचा असो, महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो, आणि न नोंदवल्याचा दोष मालकावर येतो. पण आकडा अकराच.

नोंदणीचं एरवी एजंट बघतो. ते आता आम्हा दोघींवर आलं. एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं व्याज मिळून जे होईल त्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, नोंदणी फी हजार रुपये. एक मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला. माझा अंगठा लगेच लागला. काकूंचा लागेना. त्यांनी पदराला पुसून पुन्हा ठेवला; नाही. मुलानं कोमट पाणी मागितलं. मग दुसरा हात, मग तर्जनी. इतकी वर्षं खडू धरून त्या बोटांवर रेषा म्हणून उरल्या नव्हत्या. "अरे, मी मीच आहे असं मी सांगतेय ना," काकू यंत्राला म्हणाल्या, शाळेतल्या आवाजात. शेवटी डाव्या अनामिकेवर काम भागलं. मुलानं चहाबरोबर तीन नानकटाया खाल्ल्या.

ब्रोकरेज वाचलं. त्याऐवजी मी काकूंचं बँकेचं पासबुक भरून आणते, सोसायटीच्या नोटिसा मोठ्यानं वाचून दाखवते, रात्री साडेनऊनंतर जिन्यात पाऊल वाजलं तर सकाळी "काल उशीर झाला?" ला उत्तर देते. इस्त्रीवाल्याच्या मुलाचा कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म मीच भरला. यातलं काही कुणी मागितलं नव्हतं, त्यामुळे त्याची पावती नाही आणि शेवटही नाही. मला ते आवडतं. आवडण्यासारखी परिस्थिती माझी होती, हे कळायला थोडा वेळ गेला.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला जागा हवी होती. मालेगावचा, मुसलमान, माझ्यापेक्षा सरळ आणि नीटनेटका माणूस. मी मोठ्या तोऱ्यात इस्त्रीवाल्याकडे गेले. त्यानं दोन रिकाम्या जागा लगेच सांगितल्या. पहिल्या मालकांशी फोनवर छान गप्पा झाल्या. नोकरी विचारली, गाव विचारलं, मग नाव विचारलं. मी सांगितलं. "असं आहे," ते अत्यंत मऊ आवाजात म्हणाले, "मुलगा अमेरिकेतून यायचं म्हणतोय यंदा." दुसऱ्यांनी नावानंतर फक्त "कळवतो" म्हटलं. काकूंना विचारलं, तर त्यांनी भाजी निवडता निवडता, "माझं काही नाही गं, सोसायटी..." असं अर्धंच वाक्य टाकलं. मीही ते पूर्ण करायला सांगितलं नाही. त्यांच्याच शब्दावर मी तिथं राहत होते.

तो एजंटकडे गेला. आठवड्यात माहीमच्या बाजूला जागा मिळाली, एका महिन्याचं भाडं मोजून. तुझे पैसे वाचले असते, असं मी हळहळून म्हटलं.

"एजंटलाही पहिल्या तिघांनी नाहीच म्हटलं असणार," तो म्हणाला. "पण ते त्यानं ऐकलं. मला थेट चौथ्याकडे नेलं."

अमेरिकेतला मुलगा काही आला नाही. त्या जागेत आता बँकेत नोकरी करणारं एक जोडपं राहतं. त्यांना ती ओळखीतून मिळाली, एक पैसा ब्रोकरेज न देता. इस्त्रीला त्यांचे आठवड्याला दहा-बारा शर्ट येतात.