मे महिन्यातले पैसे

डोंबिवलीत आमसुलं बारा महिने मिळतात. कुडाळजवळच्या ज्या वाडीतून ती आमच्या इमारतीत येतात, तिथे मात्र ती एप्रिल-मेच्या मोजक्या आठवड्यांतच तयार होतात. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकायला लागले की काढायचे, फोडायचे, वाळवायचे आणि पाऊस यायच्या आत डब्यात भरायचे. पुढचे दहा महिने हा माल कुणाच्या तरी घरात, कुणाचे तरी पैसे अडकवून पडून राहतो. शेतकऱ्याकडून थेट घ्या, मधला व्यापारी टाळा, असं आपण सगळेच म्हणतो. मीही म्हणते. पण तो व्यापारी त्या दहा महिन्यांत काय करतो ते आधी बघावं लागतं, कारण त्याला टाळलं तरी त्याचं काम टळत नाही.

माझ्या जाऊबाईंचं माहेर त्या वाडीतलं. त्यांच्या भावजयीला आमच्या घरात सगळे वहिनी म्हणतात, म्हणून मीही. वहिनी, त्यांचे यजमान, सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा एवढं घर. थोडी भातशेती, परड्यात फणस आणि नारळ, काजूची काही कलमं, आणि बांधाबांधावर, ओहोळाच्या कडेला कोकमं. या कोकमांना कुणी कधी खत घातलं नाही की पाणी दिलं नाही. जमीन सामाईक, सातबाऱ्यावर नावांची लांबलचक रांग आणि त्यातली निम्मी माणसं मुंबईत. मे महिन्यात चाकरमानी आले की त्यांना रातांब्यांच्या वाट्याची आठवण होतेच, फोडायला बसायची मात्र होत नाही.

मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे निवृत्तीनंतरही जमाखर्चाची वही सुटली नाही. इमारतीत भिशी चालवत होतेच. वहिनींची आमसुलं आधी ओळखीच्या घरांत वाटली, मग इमारतभर गेली, मग शेजारच्या सोसायट्यांतून विचारणा व्हायला लागली आणि भिशीच्याच बायकांचा एक खरेदी-गट झाला. आमसुलं, आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, कुळथाचं पीठ, लाल तांदूळ, फणसपोळी. खोकी रात्रीच्या खासगी बसने यायची. पहाटे हमरस्त्यावर बस दोन मिनिटं थांबायची आणि आम्ही दोघी-तिघी रिक्षा घेऊन उभ्या. लागेल तसं मागवायचं, आलं की पैसे पाठवायचे. दर आम्ही दुकानापेक्षा थोडा कमी ठेवला होता आणि वहिनींना बाजारापेक्षा बराच जास्त मिळत होता. तरीही दरवर्षी निम्म्याहून अधिक माल त्या व्यापाऱ्यालाच घालायच्या. हे मला काही केल्या कळेना.

म्हणून एका मे महिन्यात मी तिकडे जाऊन राहिले.

सकाळी वहिनींचे यजमान झाडावर चढून फांद्या हलवायचे आणि खाली आम्ही वेचायचो. कोकमाचं झाड उंच आणि फांद्या ठिसूळ, त्यामुळे खालून सासूबाईंचं ‘सांबाळून रे’ अखंड चालू. दुपारनंतर खळ्यात सगळे फोडायला बसायचे. फळ चिरून साल वेगळी, बी आणि गर वेगळा. गराला मीठ लावून ठेवलं की रस सुटतो. सालं दिवसभर उन्हात तापवायची, मग त्या रसात बुडवायची, पुन्हा उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची. प्रत्येक बुडीबरोबर रंग चढत जातो आणि वजन मात्र उतरत जातं. इतकं, की दोन दिवसांपूर्वीच्या टोपल्या आठवल्या तर मधे कुणी चोरून तर नेलं नाही ना, असं वाटावं. नखांच्या कडा काळ्या पडतात आणि डोंबिवलीला परत आल्यावरही बरेच दिवस तशाच राहतात.

पण कष्टापेक्षा मला जास्त जाणवला तो कामांचा एकाच वेळी पडणारा ढीग. तेव्हाच काजूबी वेचायची असते, फणस उतरवायचे असतात, तरव्याच्या जागेची भाजावळ असते, छपराचे नळे परतायचे असतात, लाकडांची बेगमी करायची असते. आणि खर्चही तेव्हाचेच. भाताचं बियाणं, पॉवर टिलरचं भाडं, मजुरी, मुलाची फी. वर्षातला सगळ्यात मोठा खर्च समोर उभा आणि हातात वाळत घातलेली आमसुलं. आमचा गट त्यातली थोडी जूनमध्ये घेणार, थोडी दिवाळीला, थोडी होळीला.

“तुमचो दर बरो,” वहिनी म्हणाल्या, “पण आमका पैशे मेत व्हये. तुमी दिवाळेक देतास.”

एवढ्या एका वाक्यात सगळा हिशेब होता. बँकेत मी आयुष्यभर खेळत्या भांडवलाच्या फायली हलवल्या, त्या खळ्यात तोच विषय मालवणीत समोर आला.

बाजारपेठेतल्या त्या व्यापाऱ्याकडेही मी वहिनींच्या यजमानांबरोबर गेले. माणूस मोकळा होता. गणपतीला शेतकऱ्यांना उचल द्यायची, मेमध्ये तिच्या बदल्यात माल घ्यायचा. माल ओला असो की सुका, थोडा असो की फार, परत पाठवायचा नाही. गोदामात पिंपांतून मीठ घालून ठेवायचा, पावसाळाभर अधूनमधून बघायचा, बुरशी धरली तर तोटा स्वतःचा. मुंबई-पुण्याचे दुकानदार त्याला उधारीवर ठेवतात, ते वेगळंच. हे सगळं तो फुकट करणार नाही हे उघड आहे, आणि त्याने फुकट करावं अशी अपेक्षाही मला रास्त वाटत नाही.

मग घर नाडलं जातं कुठे? एक म्हणजे उचल घेतली की भाव बोलायची सोय राहत नाही. आणि दुसरी गोष्ट, जी मला अधिक खुपली, ती वहिनींनीच घरी परतल्यावर सांगितली. “तो वायट नाय. पण तेका माझी सोलां आणि दुसऱ्याची सोलां सारकीच.” वहिनी कडकडीत वाळवतात, मीठ बेताचं घालतात. कुणी भरपूर मीठ घालून ओलसर माल आणला तर तो वजनाला भरतो आणि भाव तोच मिळतो. म्हणजे नीट काम करणाऱ्याचंच नुकसान. सगळा माल एकाच पिंपात जाणार असेल तर नीट वाळवायचं कशाला?

परत आल्यावर गटाची बैठक घेतली. वहिनींचं सगळं पीक हवं असेल तर व्यापाऱ्याची तीन कामं आपल्याला करावी लागतील, असं मी सांगितलं: पैसे आधी देणं, माल साठवणं आणि बिघडला तर सोसणं. पहिलं काम भिशीने सोडवलं. ऑक्टोबरपासून दर घराने महिन्याला ठरावीक रक्कम भरायची आणि एप्रिलमध्ये जमलेली भिशी सगळी वहिनींना लागायची. पुढे वाचनात आलं की जपानमध्ये १९७०च्या दशकापासून गिऱ्हाईक-कुटुंबं थेट शेतकऱ्यांशी अशी बांधिलकी ठेवत आली आहेत, तिला ‘तेइकेइ’ म्हणतात. आणि अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर सदस्यांनी हंगामाआधी वर्गणी भरायची पद्धत सुरू झाली. गटात हे मोठ्या उत्साहाने सांगितलं, तर एक आजी म्हणाल्या, “म्हणजे भिशीच की.”

साठवण त्याहून अवघड निघाली. वर्षाची आमसुलं, कुळीथ, तांदूळ जूनमध्ये एकदम घरात घ्यायचे. आमच्या आयांच्या पिढीला यात काही विशेष वाटलं नसतं. आता घरात माळा नाही, बरण्या नाहीत, सुनांना किडीची धास्ती. “दोन किलो आमसुलं ठेवू कुठे, पलंगात?” असा प्रश्न आला आणि खरोखरच काहींनी पलंगाखालच्या खणात ठेवली. चिनी मातीच्या बरण्या कुणाकुणाच्या गावाहून आल्या. आमसुलं नीट सुकलेली असली, हवा लागू दिली नाही, ओला हात घातला नाही, की काही होत नाही. तांदळाला मात्र पोरकिडे झाले आणि त्यावरून मला बोलणीही खावी लागली.

तिसऱ्या कामाची वेळ २०२५ मध्ये आली. मेच्या उत्तरार्धात कोकणात पाऊस सुरू झाला तो थांबलाच नाही. २६ मे रोजी मान्सून मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. १९५०पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. कोकमाचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो. वहिनींच्या खळ्यात अर्धी वाळलेली सालं होती, झाडांवर पिकलेली फळं होती आणि ऊन गायब. चुलीवरच्या माच्यावर घालून झाली, पंख्याखाली घालून झाली. बरीचशी काळी पडली, चिकट झाली, बुरशी धरली. झाडाखालच्या चिखलात रातांब्यांचा सडा. फोनवर वहिनी एवढंच म्हणाल्या, “पाऊस इलो, सोलां गेली.” भिशीचे पैसे तोवर त्यांच्या बियाण्यात आणि मुलाच्या फीत गेले होते.

ठरल्याच्या निम्म्याहून कमी आमसुलं आली. बैठकीत आवाज चढले. एका बाईंचं म्हणणं, व्यवहार तो व्यवहार, कमी मालाचे पैसे परत मिळायला हवेत. दुसऱ्या म्हणाल्या, मग आपल्यापेक्षा तो व्यापारी बरा, तो निदान पुढच्या वर्षावर ढकलतो. खूप वेळ वाद झाल्यावर ठरलं ते असं: आलेली आमसुलं सगळ्यांना सारखी वाटायची, तुटीतला अर्धा वाटा गटाने सोसायचा, उरलेल्या अर्ध्याचं आगळ घ्यायचं. कारण वहिनींनी तोवर शहाणपणाने हाती लागतील तेवढ्या फळांचं आगळ करायला घेतलं होतं. त्याला ऊन लागत नाही, मीठच त्याला टिकवतं. काही घरं त्यानंतर गट सोडून गेली. मी त्यांना दोष देत नाही. महिन्याचा पगार महिन्यात संपतो अशा घरात दुसऱ्याच्या पावसाचा तोटा कुठून सोसणार? पण जी राहिली त्यांनी त्या वर्षी सोलकढी आगळाचीच केली आणि काहींना ती जास्त आवडली.

त्या पावसानंतर सौर वाळवणीयंत्राचा विषय निघाला. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची २०२० मध्ये सुरू झालेली योजना तेव्हा होती; तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकत होतं, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं. मी उत्साहाने कागद काढले. वहिनींचे यजमान ‘कर्ज’ शब्दालाच उठून गेले. त्यांच्या वडिलांनी काजूसाठी घेतलेल्या कर्जाच्या आठवणी त्या घरात अजून ताज्या आहेत. शेवटी गटाने बिनव्याजी पैसे जमवले आणि प्लास्टिकच्या छपराचा, जाळ्यांच्या फळ्यांचा साधासा बोगदा गावच्या सुताराने बांधला. धुवांधार पावसात तो निरुपयोगी आहे. मळभाच्या दिवसांत मात्र कामाला येतो.

बियांचं प्रकरण मला स्वतःला सगळ्यात रंजक वाटतं. कोकमाच्या बिया वहिनी पूर्वी वाळवून किरकोळ भावाने विकायच्या. त्या कुटून पाण्यात उकळल्या की वर तेल येतं, ते निवून घट्ट होतं आणि मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून त्याला मुठेल म्हणतात. टाचांच्या भेगांना कोकणात दुसरं औषध माहीत नव्हतं. तोच पदार्थ कोकम बटर या नावाने क्रीम आणि साबणांत जातो आणि चांगल्या भावाने विकला जातो. सासूबाईंना मुठेल करता येत होतं, वहिनींना नाही. आता दोघी मिळून करतात. आमच्या गटात मुठेलाला आमसुलांपेक्षा जास्त मागणी आहे, कारण डोंबिवलीच्या लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्या बायकांच्या टाचांची अवस्था मी वेगळी सांगायला नको.

कागदपत्रांतली अन्नसुरक्षेची नोंदणी झाली, कारण मुलगा मोबाइलवर ती करू शकला. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण ते चिन्ह वापरायला प्रत्येक उत्पादकाने स्वतंत्रपणे अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. ते राहिलं आहे. गटातल्या कुणीही त्याबद्दल विचारलेलं नाही. त्यांना वहिनी माहीत आहेत, तेवढं पुरतं. नवी झाडं लावायचं मात्र मनावर घेतलंय. बियांपासून कोकम लावलं तर जवळपास निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळायलाच कित्येक वर्षं जातात. म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये दिलेल्या ‘कोकण अमृता’ जातीची कलमं आणून परड्यात लावली. परड्यात, कारण तेवढीच जागा निर्विवाद त्यांची आहे. बांधावर लावली असती तर मुंबईच्या नातेवाइकांना विचारावं लागलं असतं.

आता वहिनींचा बराचसा माल आमच्याकडे येतो, सगळा नाही. व्यापाऱ्याला त्या अजून थोडा घालतात आणि गणपतीला त्याच्याकडून थोडी उचलही घेतात. मी एकदा विचारलं, आता कशाला? त्या म्हणाल्या, मध्यंतरी सासूबाईंना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा त्याने घरचं दार उघडून पैसे दिले. डोंबिवलीची भिशी एप्रिलला लागते. यावर मी काय बोलणार.

त्याला आमच्या गटाची खबर केव्हाच लागली होती. यंदा त्याने वहिनींचा माल हातात घेऊन मोडून बघितला आणि सुक्या मालाला वेगळा भाव लावला. फरक फार नाही. पण शेजारच्या दोन घरांनीही यंदा मीठ कमी घालून आमसुलं चांगली खडखडीत वाळवली, आणि त्यातल्या एका घराने आमच्या भिशीत नाव घ्याल का, असं वहिनींमार्फत विचारलंय. त्यासाठी आणखी घरं जोडावी लागतील. ऑक्टोबरच्या बैठकीत तो विषय घेतला आहे.