मांडीवरची गिटार

स्वारगेटहून बिबवेवाडीला निघालं की उजव्या अंगाला पर्वती असते. नानासाहेब पेशव्यांनी बांधवलेलं ते देऊळ आता इमारतींच्या फटींतून अधूनमधूनच दिसतं. रस्त्यावर मार्केटयार्डाकडे निघालेले भाजीचे टेंपो, रिक्षा, आणि एका दुचाकीवर मागे बसलेली मुलगी. तिच्या पाठीवर काळ्या पिशवीत गिटार.

वाटेत मुकुंदनगर लागतं. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव २०१८ मध्ये इथल्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात आला. परक्या वाद्याचं या शहराला वावडं नाही. युरोपातून आलेली पेटी संगीत नाटकाने आपली केली. पुण्याच्या अप्पा जळगावकरांनी भीमसेनांना तिचीच साथ केली. आकाशवाणीने मात्र १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं, ते १९७१ मध्ये किलकिलं झालं. पट्ट्यांचे सूर ठरलेले, मग दोन सुरांमधली मींड काढायची कुठून? आक्षेप खोटा नव्हता.

गिटारचे पडदेही पक्केच. वाट सापडली ती हवाई बेटांवर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथले वादक गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवू लागले. कांडी फिरली की पडदे खुणेपुरतेच उरतात. आपल्या विचित्र वीणेवर बट्टा फिरतो, तसंच हे. टाऊ मो यांच्यासारखे हवाईयन वादक पुढे कोलकात्यात राहिले, आणि ती गिटार भारतात रुळली.

जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरांनी तिला रागदारीत आणलं. अली अकबर खाँसाहेबांची तालीम घेतलेला हा माणूस. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत त्यांच्या गिटारसोबत शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि माणिकराव पोपटकरांचा तबला आहे. काश्मीरच्या खोऱ्यातला एक दिवस अहीर भैरवने उजाडतो. काबरांच्या कांडीखालचा सूर गळ्यातून यावा तसा लांबतो आणि पुढच्या सुरात विरतो. सतारीची नक्कल त्यात कुठेच नाही. ती तबकडी आजही पहाटे ऐकावी.

विश्वमोहन भट्टांनी पुढे तरफेच्या १२ तारा जोडून मोहनवीणा घडवली. राय कूडरबरोबरच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं.

बिबवेवाडीत दुचाकी थांबते. मुलगी उतरते, पिशवीचे पट्टे खांद्यावर सारखे करते आणि जिना चढते. आतली गिटार ती छातीशी धरून वाजवते की मांडीवर आडवी ठेवून, हे पिशवीवरून कळत नाही.