हाली आणि कलदार

मामांनी ती हार्ड डिस्क मामीच्या जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवली होती. वरून सुतळीचा फेरा. पेटीच्या तळाशी, खताच्या पावत्या आणि पिवळे पडलेले दाखले यांच्याही खाली. दिवाळी होऊन गेली होती. ढाळजेत सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लागलेली, तिचा कोरडा, घशाशी येणारा वास घरभर. मामांनी गाठ सोडली आणि डिस्क माझ्या हातावर ठेवली.

"बघ माय, तुला काय जमतंय का. चाळीसची हाय, पण कमी दाखवायलीय. हिच्यातलं लई गेलंय."

'गेलंय' हा शब्द ते कसा म्हणाले, ते मला लिहून दाखवता येणार नाही. आमच्याकडे माणूस गेल्यावर तो असा म्हणतात.

अहमदपूरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मामांचं डीटीपीचं छोटं दुकान होतं. दहा बाय बाराची खोली, शटर, एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक प्रिंटर आणि भिंतीवर नमुन्याच्या लग्नपत्रिका. तुळशीचं लग्न झालं की शिरूर ताजबंद, किनगाव, हाडोळती, अंधोरी, खंडाळी, कुठून कुठून माणसं यायची. कोणाच्या पत्रिकेवर 'श्री खंडोबा प्रसन्न', कोणाच्या 'नमो बुद्धाय', कोणाच्या '७८६', कोणाच्या 'जय सेवालाल'. मामा नावं लिहून घ्यायचे. भावकीतलं एखादं नाव राहिलं तर लग्नात रुसवा ठरलेला, म्हणून पुन्हा वाचून दाखवायचे. सुट्टीत आजोळी आले की मी त्या दुकानात बसायची आणि श्रीलिपीच्या कीबोर्डवर जोडाक्षरं शोधायची. भारनियमनाचे दिवस होते. दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसायची. यूपीएस ओरडायला लागला की मामा हातातलं सगळं सोडून आधी कंट्रोल-एस दाबायचे.

पण मामांना जे गेल्याचं दुःख होतं, ते पत्रिकांचं नव्हतं. ते फोटोंचं होतं.

लग्नाच्या लोकांबरोबर दुसरीही माणसं दुकानात यायची, जरा मागे उभी राहणारी. तेरवीची पत्रिका करायची असायची, किंवा वर्षश्राद्धाला पुण्यस्मरणाची. मळकट रुमालात, कधी पोथीच्या पानात ठेवलेला एकुलता एक फोटो ते टेबलावर ठेवायचे. कडा झिजलेल्या, मधून दुमड पडलेली, कधी कोपऱ्यावर सरकारी शिक्क्याचा अर्धा चंद्र, कारण तो जुन्या ओळखपत्रावरून उचकटलेला. मामा तो स्कॅनरवर ठेवायचे, दुमडीची रेघ माऊसनं हळूहळू पुसायचे आणि ई ड्राइव्हमध्ये ठेवून द्यायचे. मयताचं नाव फाइलला द्यायला हात रेटायचा नाही, म्हणून नाव द्यायचे ते असं : 'हाडोळती फेटा', 'किनगाव काळा कोट', 'अंधोरी नथ'. लोक दोन-तीन वर्षांनी परत यायचे. घरचा फोटो पावसात भिजला, उंदरानं खाल्ला, तुमच्याकडं असंल की. असायचा. अख्ख्या तालुक्यातले गेलेले चेहरे एका चाळीस जीबीच्या डिस्कवर जपून होते, आणि हे मामांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

मग एका वळवाच्या पावसात वीज आली-गेली, आली-गेली, आणि मशीन जळालं. डिस्क वाचली. नवं मशीन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून कोणाकडचं तरी फार जुनं मशीन आणलं, मेकॅनिकनं डिस्क त्यात बसवून दिली, काम सुरू झालं. सी आणि डी ड्राइव्ह उघडायचे. ई वर क्लिक केलं की मशीन विचारायचं : फॉरमॅट करायचा का? मामा दरवेळी 'नाही' म्हणायचे. इंग्रजी त्यांना बेताचंच येतं, पण त्या प्रश्नाचा वास त्यांना बरोबर आला होता. दुकान बंद होईपर्यंत त्यांनी तो प्रश्न किती वेळा नाकारला असेल! हे लिहिताना मला त्या 'नाही'पुढे हात जोडावेसे वाटतात. एकदा चुकून 'हो' दाबलं गेलं असतं, तर हा लेख लिहायचं कारणच उरलं नसतं.

मी डिस्क ॲडॉप्टरला जोडली. आत तबकडी फिरायला लागल्याची बारीक शीळ आली, मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची. टक-टक असा आवाज नव्हता; तो असता तर मी लगेच वीज काढली असती. स्क्रीनवर आकडा आला : ३१.५ जीबी. डिस्कवर मोठ्या अक्षरात ४०.

"साडेआठ गेलं," मामा म्हणाले.

मी त्यांना सांगितलं, त्यातलं पावणेतीन कधी नव्हतंच, मामा. म्हणजे आहे, पण मोजायचं माप निराळं आहे. बनवणारा हजार-हजारानं मोजतो : हजार हजारांचे दहा लाख, दहा लाखांच्या हजारपट म्हणजे एक अब्ज, तो त्याचा एक जीबी. मशीन दुपटीनं मोजतं, दोन, चार, आठ, सोळा, असं १,०२४ पर्यंत. जुन्या लोकांनी १,०२४ हजाराच्या जवळच आहे म्हणून त्यालाच किलो म्हटलं. किलोला फरक चोवीसचाच, पण पायरीगणिक तो वाढतो. गिगाला सात टक्क्यांवर जातो, टेराला जवळजवळ दहा. मशीनचा एक जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटचा. त्यानं भागलं की ह्या डिस्कच्या चाळीसहून किंचित जास्त जीबीचे ३७.२७ होतात. १९९८ साली दुपटीच्या मापाला गिबीबाइट असं वेगळं नाव दिलं गेलं, पण ते माणसांच्या तोंडी बसलं नाही. दोन्हीला जीबीच म्हणत राहिले.

मामा ऐकत होते. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हंजे हाली आन् कलदार!"

मी बघतच राहिले. मामांचा जन्म १९५६ चा. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके बिदर जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात आले. गाव जागचं हललं नाही, कागद हलले. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेत आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क लोकांपुढे आणली होती : चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, कपाटाएवढं धूड, आणि त्यात मावायची पन्नास लाख अक्षरं. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा, इंग्रजी मुलखात कलदार रुपया. सात हालीचे सहा कलदार, असा साधारण भाव. हैदराबाद संस्थान १९४८ ला भारतात आलं, तरी हाली १९५९ पर्यंत चालत होता. माझे आजोबा, म्हणजे मामांचे दादा, लातूरहून बार्शी लाइटच्या गाडीत बसून बार्शीला जायचे, आणि बार्शी इंग्रजांच्या मुलखात. मामा सांगायला लागले : "दादा सांगायचे, गाडीत बसताना कनवटीला सात, उतरताना सहा. नवा माणूस रडायचा, वाटंत लुटलो म्हणून. दादा त्याला म्हणायचे, अरे, माल तेवढाच हाय, गाव बदललंय."

मी कॉलेजात मुलांना हे गणित वर्षानुवर्षं शिकवलं आहे. फळ्यावर दहाचा नववा घात, दोनचा तिसावा घात. मुलं उतरवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात, मॅडम, दुकानदारानं फसवलं का? सात हालीचे सहा कलदार, एवढं सांगायला पाहिजे होतं.

पण ३७.२७ आणि ३१.५ यांच्यात अजून पावणेसहा उरत होते. ते मापात बसत नव्हते, आणि ई तिथंच होता.

डिस्क जुनी झाली म्हणून तिचा आकडा आपोआप घटत नाही. तिच्यातले काही सेक्टर, म्हणजे माहिती ठेवायचे छोटे कप्पे, खराब होतात हे खरं. पण बनवतानाच तिच्यात राखीव सेक्टर ठेवलेले असतात, खराब झालेल्याच्या जागी त्यातला एक उभा राहतो आणि बाहेर सांगायचा आकडा तोच राहतो. म्हणजे पावणेसहा जीबी झिजून गेलेले नव्हते. ते कोणीतरी झाकलेले होते.

मी लेबल उजेडात धरलं. धुळीखाली बारीक अक्षरात सेक्टरची एकूण संख्या छापलेली होती : ७,८१,६५,३६०. मशीन मोजत होतं ६,६०,५५,२४८. सातबाऱ्यावर एक क्षेत्र आणि कसायला दुसरंच. दुसरा आकडा मला ओळखीचा होता. १९९०च्या दशकातल्या बऱ्याच मशीनचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, साधारण ३३.८ जीबीच्या पुढं मोजताना अडकून पडायचं. मोठी डिस्क लावली की मशीन सुरूच व्हायचं नाही. म्हणून डिस्क बनवणाऱ्यांनीच एक सोय ठेवली होती. मागच्या पिनांवर एक जंपर ठरावीक जागी बसवला की डिस्क आपली लांबी कमी सांगते. जुनं मशीन ते ऐकून चालू होतं, आणि त्या खुणेपलीकडचं कोणालाच दिसत नाही. त्या मेकॅनिकनं तेच केलं होतं. त्याला मी दोष देत नाही. त्यानं तो जंपर लावला नसता तर मामांचं दुकान त्या दिवशी उघडलंच नसतं. ई ड्राइव्ह मात्र नेमका त्या बांधावर पडला, थोडा अलीकडं, बाकी पलीकडं. आणि अर्धी हद्द सापडत नाही म्हणून मशीन त्याला कोरी जमीन समजत राहिलं.

मामीच्या भुवयांच्या चिमट्यानं मी तो जंपर उपसला. काळी, ज्वारीच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी टोपी. मामांनी तळहात पुढं केला, मी ती त्यावर ठेवली. एवढीशी गोष्ट. ते तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले.

पुन्हा जोडली. ३७.२७.

"आलं," मामा म्हणाले. पण मी काहीच उघडलं नाही. जुन्या डिस्कच्या बाबतीत मला एकच नियम माहीत आहे आणि तो मी मोडत नाही : आधी सगळ्याची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर, मग नकलेवर काय करायचं ते. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम आहे. तो आधी जे सहज वाचता येतं ते उचलतो, जिथं अडखळतो ती जागा सोडून पुढं जातो आणि शेवटी त्या अवघड जागांकडं परत वळतो. आजारी माणसाला बोलतं करायची हीच रीत. आम्ही रात्रभर बसलो. मामीनं दोनदा चहा केला. बाहेर नांदेड-लातूर रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. पहाटेपर्यंत काही शे सेक्टर सोडून सगळं उतरलं.

ते काही शे मात्र खरंच गेले. मामांना मी तेही सांगितलं, कारण हाली-कलदारचा दिलासा इथं लागू नव्हता. काही पत्रिका उघडल्या नाहीत. काही फोटोंत अर्ध्यातून खाली नुसता राखाडी रंग.

ई उघडला. यादी सरकत गेली आणि मामा नावं वाचत गेले, हलक्या आवाजात, हजेरी घेतल्यासारखं. 'अंधोरी नथ'. 'शिरूर टोपी'. 'हाडोळती फेटा'. प्रत्येक चेहरा उघडला की ते थोडं थांबायचे. मग 'किनगाव काळा कोट' आला आणि त्यांनी माझा हात धरला.

ती बाई दुकानात चार वेळा आली होती म्हणे. नवऱ्याचा एकच फोटो, घराच्या पडझडीत गेला. पहिल्यांदा मामांनी सांगितलं, मशीन बिघडलंय, पुढच्या बाजारी या. दुसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा खरं सांगितलं, की गेला. "ती काय बोलली नाही बघ. पदर सावरला आन् गेली. त्या दिवसापासनं मी पुण्यस्मरणाचं काम घेतलं नाही."

फोटो उघडला. डोक्यावरचे विरळ केस, जाड मिशी, फोटोग्राफरनं 'हलू नका' म्हटल्यावर ताठ झालेली मान. कोटाच्या दुसऱ्या गुंडीपासून खाली राखाडी पट्टी.

"खालचं येणार नाही, मामा," मी म्हटलं.

"चेहरा हाय की."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं. मग उठले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि आतल्या खोलीकडं तोंड करून मामीला विचारलं, "किनगावची पहिली गाडी कितीला असती गं?"