पंच क्रमांक दोन

राजेहो, पोस्ट लांब आहे. वेळ असेल तर वाचा, नसेल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा. पण ज्यांचं दुकान रस्त्याच्या कडेला आहे आणि ज्यांना कोणीही "भाऊ, पाच मिनिटं या ना" म्हणून बोलावू शकतं, त्यांनी तरी नक्की वाचा.

मागच्या महिन्यात भाचा नागपूरहून आला होता. मोबाइलवर 'रुस्तम' पाहत बसला होता. मधेच विचारलं, "मामा, हे ज्युरी म्हणजे काय? आपल्याकडं नाही का असं?" मी म्हटलं, होतं, आता नाही. तो सिनेमा ज्या नानावटी खटल्यावरून सुचला, तोही सांगितला. 1959 ची मुंबई. नौदलाचा अधिकारी, बायकोच्या मित्राला गोळ्या घातल्या. नऊ जणांच्या ज्युरीतले आठ म्हणाले निर्दोष, एक म्हणाला दोषी. सेशन जजला ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टात पाठवलं. हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. वर्तमानपत्रांनी एवढी हवा केली होती की ज्युरीवर त्याचा परिणाम झाला असं सगळेच म्हणत होते. पुढं 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही.

आता काही लोक म्हणतात की ज्युरी असती तर सामान्य माणसाला न्यायात हात घालता आला असता. मला खात्री नाही. टिळकांच्या 1908 च्या खटल्यात ज्युरीच होती. सात युरोपियन, दोन पारशी. सात विरुद्ध दोन असा कौल आला आणि टिळक सहा वर्षं मंडालेला गेले. बाजूला कोण बसवलं यावर सगळं अवलंबून असतं. आणि आपल्या शेजारच्या आष्टीचं 1942 चं प्रकरण तर सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिथं ज्युरी वगैरे भानगडच नव्हती, वटहुकूम काढून विशेष न्यायालयं बसवली होती. चिमूर-आष्टीच्या लोकांना फाशी सुनावली गेली, देशभर ओरड झाली, तेव्हा कुठं ती जन्मठेपेवर आली.

तर भाच्याला हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आता कोर्टात आपल्यासारख्या माणसाचं काही कामच नाही?"

आहे ना. पंच. मी होतो.

2019 चा जुलै. पेरण्या झाल्या होत्या, पाऊस दडी मारून बसला होता. माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान बसस्टँडजवळ, बहुतेकांना माहीत आहे. दुपारी दोघं आले, एक साध्या कपड्यात. "भाऊ, चाला बरं, पाच मिनटाचं काम हाय, सही कराची हाय." कोणत्या ठाण्याचे ते लिहीत नाही, ओळखायचा प्रयत्नही करू नका. मुद्दा ठाण्याचा नाही, हे कुठंही होऊ शकतं.

आपल्या भागात पोलिसाला नाही म्हणता येत नाही. तसं कायद्यातही आहे. झडतीच्या वेळी त्या भागातले दोन किंवा जास्त स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे, आणि लेखी बोलावल्यावर योग्य कारणाशिवाय नकार दिला तर तो गुन्हा. मला लेखी वगैरे काही दिलं नव्हतं. पण "प्रतिष्ठित" शब्दाने माणूस फुगतो, खोटं कशाला बोलू. शर्ट बदलून गेलो.

प्रकरण साधं होतं आणि वाईटही होतं. दोन चुलत घरं, मधे धुरा, दोन्हीकडं संत्र्याची झाडं. धुऱ्यावरून भांडण वर्षानुवर्षं चालू होतं. त्या दिवशी एकाने कुऱ्हाड काढली. दुसऱ्याचा हात मोडला, खांद्यावर खोल जखम झाली. जीव वाचला.

मी ठाण्यात पोचलो तेव्हा आरोपी कोपऱ्यात बसला होता. टेबलावर कागद लिहून तयार होता. त्यात होतं की आरोपीने आम्हा पंचांसमक्ष सांगितलं, कुऱ्हाड मी गोठ्यात लपवली आहे, चला, काढून देतो. मी आल्यापासून तो एक शब्दही बोलला नव्हता. मी विचारलं, "साहेब, हे कधी म्हणाला?" साहेब म्हणाले, "आत्ताच, तुम्ही यायच्या आधी. सांगितलं तेच लिहिलं हाय. करा." पंच क्रमांक एकने सही केली होती. मी दोन नंबर. केली.

मग जीपमधून त्यांच्या शेतात. तिथं मात्र आरोपी स्वतः पुढं चालत गेला, गोठ्यात कुटाराचा ढीग होता, त्यात हात घालून कुऱ्हाड काढली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दांड्याला वरच्या बाजूला तार गुंडाळलेली होती. ती कागदात गुंडाळून सील केली, लेबलावर आमच्या सह्या घेतल्या. संध्याकाळ झाली. दुकान उघडंच राहिलं होतं, शेजारच्या पानवाल्याने सांभाळलं.

त्यानंतर चार वर्षं काही नाही. मी विसरलो.

नोव्हेंबर 2023 मध्ये समन्स आलं. दुकानात सगळ्यांसमोर पोलीस समन्स घेऊन आला की गिऱ्हाइकं आपल्याकडं कशी पाहतात, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. आणि समन्स माझ्या हातात पडायच्या आधी बहुतेक दोन्ही घरांना त्याची खबर लागली होती, कारण त्याच आठवड्यात दोन्हीकडून माणसं आली.

आधी आरोपीचा साळा आला, संत्र्याची पेटी घेऊन. अंबियाचा हंगाम होता. "काही म्हणत नाही भाऊ. फक्त आठवत नाही म्हणा. चार वर्षं झाली, कोणाले आठवते?" दोन दिवसांनी जखमीचे वडील आले, म्हातारा माणूस, हातात काहीच नाही. दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "बापू, जसं लिवलं हाय तसंच सांगजो. एक शब्द इकडचा तिकडं नको करू."

रात्री झोप नाही. पहिल्याची मागणी सरळ खोटी होती, ती नाकारायला मला वेळ लागला नाही. पेटी परत पाठवली. (चार संत्री पोराने आधीच सोलली होती, त्यांचे पैसे दिले. साळ्याने घेतले नाहीत, मी पेटीत टाकून दिले.) पण म्हाताऱ्याचं काय करायचं? त्याचा पोरगा एका हाताने अपंग झाल्यासारखा झाला होता. तो खरं तेच मागत होता असं त्याला वाटत होतं. पण जसं लिहिलं तसं सांगायचं म्हणजे मी न ऐकलेलं ऐकलं असं शपथेवर सांगायचं.

बायको म्हणाली, "तुमाले कोणी सांगितलं होतं न वाचता सही कराले?" वाचूनच केली होती, हे तिला सांगायची हिंमत झाली नाही. वाचून केली होती, हेच तर दुखणं होतं.

पहिल्या तारखेला पहाटेच्या एसटीने गेलो. आरोपीचे वकील आले नव्हते, पुढची तारीख. दुसऱ्या तारखेला जजसाहेब रजेवर. दोन दिवस दुकान बंद. कोर्टाच्या व्हरांड्यात जखमी, त्याचे वडील, आरोपी, त्याचा साळा आणि मी, सगळे एकाच बाकावर. दुसरा बाक नव्हता. आरोपीने मला विचारलं, "चहा घेता का?" मी नाही म्हटलं आणि मग वाटलं, साधा चहाच तर होता.

पंच क्रमांक एक माझ्या आधी झाला. त्याने सांगितलं की सही माझी आहे, बाकी काही आठवत नाही. पाच मिनिटांत सुटला. बाहेर येताना माझ्याकडं पाहून भुवई उडवली, म्हणजे असं कर.

तिसऱ्या तारखेला पुकारा झाला. शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपी तुमच्यासमोर काय म्हणाला? मी सांगितलं, माझ्यासमोर काही म्हणाला नाही, मी गेलो तेव्हा कागद लिहिलेला होता. कुऱ्हाड मात्र त्याने स्वतः कुटारातून काढली, ती मी पाहिली.

क्षणभर टायपिंग थांबलं. मग सरकारी वकिलांनी कोर्टाची परवानगी मागितली, साक्षीदार फितूर झाला आहे, उलटतपास घ्यायचा आहे. मी फितूर! आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट जशी झाली तशी अख्खी सांगितली आणि त्याच मिनिटाला रेकॉर्डवर फितूर झालो. त्यांची चूक नाही म्हणा. कागदावर एक आणि तोंडात दुसरं असेल तर त्यांनी तसं म्हणणं हेच त्यांचं काम.

त्यानंतर दोन्हीकडून प्रश्न. कोर्टातली भाषा वेगळीच असते. "हे म्हणणे खरे नाही की मी आरोपीच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे." अशा वाक्यात खरं कुठं आणि खोटं कुठं हे समजेपर्यंत पुढचा प्रश्न येतो. मी दर वेळी म्हणायचो, साहेब, पुन्हा सांगा. जजसाहेब एकदाही चिडले नाहीत, हे सांगितलं पाहिजे.

मग मुद्देमाल उघडला. सील फोडलं, कागद काढला, तीच कुऱ्हाड. तार तशीच. लेबलावर माझी सही, शाई पिवळी पडलेली. विचारलं, हीच का? हीच. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, अशा कुऱ्हाडी बाजारात कुठंही मिळतात ना? मिळतात, पण दांड्याला अशी तार गुंडाळलेली मी ही एकच पाहिली. आणि मग तो प्रश्न आला ज्याची मला भीती होती: तुम्ही ठाण्यातल्या कागदावर वाचून सही केली? हो. त्यात लिहिलेलं तुमच्यासमोर घडलं नव्हतं हे माहीत असूनही केली? हो.

ते "हो" टाइप झालं. ते आता कायम तिथं आहे.

वकील मित्राने नंतर समजावलं ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्यातल्या फार कमी लोकांना माहीत असतं. आरोपीने पोलिसांना दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण कोठडीत असताना त्याने सांगितलं आणि त्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. म्हणून तो कागद महत्त्वाचा, आणि तो खरोखर आपल्या कानांसमोर झाला का हे सांगायला पंच. पंच म्हणजे शोभेची सही नाही. आणि फितूर ठरवलं म्हणून साक्ष पूर्ण फेकली जात नाही, त्यातलं विश्वास ठेवण्यासारखं तेवढं कोर्ट घेऊ शकतं.

निकाल लागला. 307 टिकलं नाही. 326 खाली शिक्षा झाली, मुख्यतः जखमीच्या आणि डॉक्टरांच्या साक्षीवर. मी निकाल ऑनलाइन शोधून काढला, माझाच धंदा आहे तो. पंच क्रमांक दोनबद्दल परिच्छेद होता. कुऱ्हाड काढून दिल्याचं माझं म्हणणं स्वीकारलं होतं, ठाण्यातल्या निवेदनाचा पंचनामा सिद्ध झाला नाही असं म्हटलं होतं. चार वेळा वाचला.

साळा तेव्हापासून दुकानात येत नाही. म्हातारा एकदा आला, पोराच्या अपंगत्वाच्या दाखल्याचा फॉर्म भरायला. मी पैसे घेतले नाहीत. तो म्हणाला, "तू बराबर सांगतलं असतं तं..." आणि वाक्य अर्धंच सोडून गेला. मी बराबरच सांगितलं होतं. पण 2019 च्या त्या दुपारी मी तो कागद बाजूला सारून "त्याला माझ्यासमोर पुन्हा विचारा" एवढं म्हटलं असतं, तर आरोपी तेच पुन्हा बोलला असता, बहुतेक. मग माझी साक्ष पूर्ण झाली असती. 307 टिकलं असतं का, मला माहीत नाही. पण म्हाताऱ्याला अर्धं वाक्य सोडून जावं लागलं नसतं.

आता हे सगळं आज का लिहितो. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले. झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं असं त्यात आहे. मागच्या आठवड्यात दुपारी पुन्हा दोन जण दुकानात आले. मी आता पन्नाशी पार केली, त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. पोराकडं पाहून म्हणाले, "चाल ना भाऊ, पाच मिनटाचं काम हाय."

पोराने माझ्याकडं पाहिलं. बायको आतून बाहेर आली होती, ती मान हलवत होती, नको म्हणून. मी म्हटलं, जा. चष्मा घेऊन जा.

अडीच वाजता गेला तो साडेसातला आला. म्हणाला, "बाबा, मोबाइलवर शूटिंग केलं सगळं. पण कागद वाचायला मला अर्धा तास लागला. दोन ठिकाणी वेळ चुकली होती, ती दुरुस्त करायला लावली. साहेब लई वैतागले."

मी म्हटलं, बस, चहा ठेवतो.