मॅग्नम : मोठे, पण कशापेक्षा?

रहस्यकथांत आणि चित्रपटांत ‘मॅग्नम’ म्हटले की समोरचा माणूस हवेत उडालाच पाहिजे, असा संकेत रूढ आहे. बॅलिस्टिक्सच्या अभ्यासकाला मात्र या शब्दातून थोडेच कळते : हे काडतूस त्याच जाडीच्या कुठल्या तरी जुन्या काडतुसापेक्षा जोरकस असावे. किती जोरकस, हे त्या जुन्या काडतुसाला पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. मॅग्नमचा मोठेपणा बराचसा त्याच्या शेजारी उभ्या केलेल्या ‘साध्या’ काडतुसाच्या वयावर ठरतो, असे माझे म्हणणे आहे.

रिव्हॉल्व्हरची प्रसिद्ध जोडी घेऊ. .38 स्पेशल 1898 च्या सुमाराचे, .357 मॅग्नम 1935 चे. नावातले आकडे वेगळे असले तरी दोन्हींच्या गोळ्यांचा व्यास एकच. 158 ग्रेनची, म्हणजे सव्वादहा ग्रॅमची गोळी पहिल्यातून सेकंदाला सुमारे 230 मीटर वेगाने सुटते, दुसऱ्यातून 375 मीटरने. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती 270 ज्यूलवरून 720 वर, म्हणजे जवळजवळ 2.7 पट होते. हा फरक पुंगळीच्या लांबीतून आलेला नाही. मॅग्नमची पुंगळी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जास्त लांब ठेवली, ती जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये म्हणून. खरा फरक दाबाचा : चौरस इंचाला 17,000 पौंडांऐवजी 35,000. काळ्या दारूच्या काळातली मर्यादा जुन्या काडतुसाला चिकटून राहिली होती. नव्या काडतुसाने धूरविरहित दारू आणि मजबूत पोलाद यांचा पुरेपूर उपयोग केला.

रायफलीत हे अंतर आक्रसते. 1906 चे .30-06 स्प्रिंगफील्ड जन्मापासूनच धूरविरहित दारूचे. त्याची दाबमर्यादा 60,000 पौंड. 1963 चे .300 विंचेस्टर मॅग्नम 64,000 पर्यंतच जाते. पुंगळीची धारणक्षमता सुमारे एक तृतीयांशाने वाढूनही 180 ग्रेनच्या गोळीचा वेग दहा टक्केच वाढतो आणि ऊर्जा वीस टक्के. दारू जास्त, धक्का जास्त, पदरात मात्र बेताचेच. बारा बोअरच्या बंदुकीत तर तीन इंची मॅग्नम काडतुसाची दाबमर्यादा पावणेतीन इंची साध्या काडतुसाएवढीच असते; वाढतात ते बहुधा छरे, वेग नव्हे. आणि .22 मॅग्नम रायफलीतून झाडले तरी त्याची ऊर्जा पिस्तुलातल्या साध्या 9 मिलिमीटर काडतुसाहून कमी भरते.

यावर कोणी म्हणेल, तुलना सापेक्ष असली तरी ऊर्जा ही ऊर्जाच. दुप्पट ऊर्जा म्हणजे दुप्पट परिणाम. शिकारीत, दूरच्या निशाण्यासाठी यात तथ्य आहे : वेगवान गोळीचा मार्ग अधिक सपाट राहतो आणि लांबवर तिच्यात जोर उरतो. पण जखम ज्यूलवर मोजता येत नाही. 11 एप्रिल 1986 रोजी मायामीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले, त्या चकमकीत एका हल्लेखोराच्या छातीकडे गेलेली 9 मिलिमीटरची गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली आणि तो गोळ्या झाडत राहिला. त्यानंतर एफबीआयने कसोटी ठरवली ती गोळी जिलेटिनमध्ये 12 ते 18 इंच शिरते का, याची. त्यांनी जोरकस 10 मिलिमीटर काडतूस स्वीकारले, पण दारू कमी करून, पुढे .40 वर आले आणि अखेर सुधारित गोळीसह पुन्हा 9 मिलिमीटरवर. हवेत उडणाऱ्या माणसाचे म्हणाल, तर गोळी जेवढा संवेग पुढे नेते तेवढा मागे झाडणाऱ्याच्या हातालाही मिळतोच. समोरचा उडायचा तर झाडणाराही उडाला असता.

तेव्हा ‘मॅग्नम’ हा शब्द दिसला की वाचकांनी चार गोष्टी विचाराव्यात : गोळीचे वजन किती, वेग किती, नळी केवढी आणि तुलना कोणत्या सालच्या काडतुसाशी? ही उत्तरे हाती नसतील तर ‘मॅग्नम’ ही केवळ जाहिरात समजावी.