दाराच्या तळाशी

गंज या विषयावर मराठीत लिहावयास बसले की लेखणी आपोआप रूपकाकडे वळते. बुद्धी गंजते, शस्त्रे गंजतात, संस्था गंजतात. कथा-कवितांतून नातीही गंजलेली आढळतात. या सगळ्या गंजण्यांत प्रत्यक्ष लोखंड मात्र क्वचितच असते. प्रस्तुत लेखात आम्ही लोखंडाविषयीच, त्यातही मोटारीच्या दाराच्या तळाकडील चार बोटे पत्र्याविषयी लिहिणार आहोत. वाङ्मयाच्या अभ्यासकांना यात काय स्वारस्य असावे, असे कुणी विचारले तर प्रश्न रास्तच आहे. आमचे उत्तर इतकेच की, ज्या गोष्टीचे रूपक आपण येता-जाता वापरतो ती गोष्ट मुळात कशी घडते हे एकदा नीट पाहून घ्यावे.

मराठीत गंज 'चढतो'. तांबही चढते. गव्हावर पडणाऱ्या रोगाला शेतकरी तांबेरा म्हणतो, तोही वरून 'पडतो'. या सर्व क्रियापदांतून एक समजूत व्यक्त होते: गंज ही बाहेरून येऊन पृष्ठभागावर बसणारी वस्तू आहे. गॅरेजातला मिस्त्री मात्र हे क्रियापद वापरत नाही. तो म्हणतो, 'पत्रा सडला.' सडणे हे खरे तर फळाचे, लाकडाचे क्रियापद. फळ पुष्कळदा आतून सडू लागते आणि सालीवर डाग दिसेतो आतला गर गेलेला असतो. दाराच्या पत्र्याचे नेमके हेच होते. मिस्त्रीने व्याकरणाचा विचार केला नसेल. पण त्याने दार उघडून आत पाहिलेले असते.

आमची बरीच वर्षे कोकण किनाऱ्यावरच्या एका गावी नोकरीत गेली. वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि उरलेले महिने खारा वारा, अशा ठिकाणी लोखंडाची परीक्षा रोजचीच असते. खिडकीचे गज, विहिरीचा रहाट, सायकलीची साखळी यांचा गंज डोळ्यांसमोर असतो. त्याला तेल लागते, रंग लागतो. मोटारीचे दार तसे नाही. ते वरून चकचकीत असते. 'वरून कीर्तन, आतून तमाशा' ही म्हण जणू त्याच्यासाठीच जन्माला आली असावी.

दार म्हणजे एक सपाट पत्रा, असे बाहेरून वाटते. वस्तुतः ते एक पोकळ पाकीट आहे. बाहेरचा पत्रा एक आणि आतला सांगाडा दुसरा. मधल्या पोकळीत खिडकीची काच वरखाली करते. जिथून काच आत उतरते त्या फटीला दोन्ही बाजूंनी रबरी पट्ट्या असतात. त्या पट्ट्या काचेवरचे पाणी पुसून काढतात, पण सगळे नव्हे. पावसाचे थोडेफार पाणी काचेबरोबर आत जातेच, आणि ते जाणार हे दार घडवणाऱ्याने गृहीत धरलेले असते. म्हणून दाराच्या तळाला लहान भोके ठेवलेली असतात. बहुधा दोन ते चार. वरून आलेले पाणी आतल्या आत ओघळते आणि या भोकांतून रस्त्यावर गळून जाते. गाडीत बसणाऱ्याचे कपडे भिजू नयेत म्हणून आतल्या सांगाड्यावर एक प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. थोडक्यात, मोटारीचे दार पाणी अडवण्यासाठी नव्हे, तर आलेल्या पाण्याला वाट काढून देण्यासाठी बांधलेले असते. आम्हांस ही गोष्ट कळली तेव्हा कोकणातल्या घराची आठवण झाली. तिथेही पाऊस थोपवण्याचा अट्टहास कुणी करत नाही. कौले, पन्हळ, गटार यांनी त्याला खाली उतरवून दूर नेतात. जाणकार माणूस मृगाच्या आधी पन्हळ साफ करतो, भिंतीला रंग नंतर देतो.

बिघाड होतो तो वाट बुजल्यामुळे. काचेच्या फटीतून पाण्याबरोबर धूळ जाते, आंब्याचा मोहोर जातो, किनाऱ्यावर गाडी उभी केली तर सुरूची सुईसारखी पाने जातात. रबरी पट्टी जुनी होऊन ताठरली की यांची आवक वाढते. हे सारे तळाशी बसते, भिजते आणि त्याचा लगदा भोकांवर बसतो. आता आलेले पाणी जात नाही. विदर्भात गंज म्हणजे स्वयंपाकघरातले उभट भांडे. भोके बुजलेले दार हे त्या अर्थानेही गंजच होते. वर ऊन पडते, पत्रा बाहेरून तापून कोरडा होतो. आतला चिखल मात्र ओलाच राहतो. त्यात समुद्रकाठचे मीठ मिसळलेले असेल तर विचारावयास नको. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेते. म्हणजे पाऊस थांबला तरी दाराच्या तळाशी पावसाळा चालूच असतो.

यापुढचे घडते ते रसायनशास्त्राचे, आणि आमच्या मते या विषयातले सर्वांत मननीय. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. ईव्हान्स यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात एक साधा प्रयोग करून दाखवला. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर त्यांनी मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवेतला प्राणवायू सहज पोहोचतो, मध्यभागी कमी पोहोचतो. आपली अपेक्षा अशी की जिथे प्राणवायू जास्त तिथे लोखंड जास्त खाल्ले जाईल. घडते उलट. झीज होते ती मध्यभागी, जिथे हवा कमी पोहोचते तिथे. तिथून सुटलेले लोखंडाचे कण कडेकडे सरकतात, वाटेत प्राणवायूशी गाठ पडते, आणि गंजाचे तांबूस कडे उमटते ते मध्य आणि कड यांच्या दरम्यान. जखम एकीकडे आणि खूण दुसरीकडे. दाराच्या तळाचा चिखल हा असाच एक मोठा थेंब आहे. त्याच्याखाली, हवेपासून दूर, पत्रा झिजत राहतो.

तळाची घडणही या झिजेला अनुकूल असते. बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या पत्र्याच्या कडेवर दुमडून दाबलेली असते, साडीच्या काठाला दुमड घालावी तशी. कारखान्यात गाडीचा संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर पहिला थर चढवतात. पण या घट्ट दुमडीच्या आत तो थर सर्वत्र पोहोचेलच असे नाही. म्हणून तिथे चिकटद्रव्य भरतात, कडेवर सीलंटची रेघ ओढतात. ती रेघ कुठे तडकली की पाणी केशाकर्षणाने दुमडीत शिरते आणि सहजी बाहेर येत नाही. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. तो दुमडीत फुगतो, पत्रे एकमेकांपासून दूर लोटतो, रंगाला आतून ढकलतो. बाहेर रंगावर मोहरीएवढा फोड दिसतो तो असा. पाहणाऱ्याला ती सुरुवात वाटते. वास्तविक तो उपसंहार असतो. मिलिमीटरभरही जाडी नसलेल्या पत्र्याला फार काळ तग धरणे शक्य नसते.

या संदर्भात दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला हटकून दिला जातो. सुमारे १,६०० वर्षे उघड्यावर उभा असलेला तो स्तंभ गंजत नाही, हे शाळेपासून आपण ऐकत आलो आहोत. कानपूरच्या आयआयटीतील आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याची जी मीमांसा केली तीनुसार त्या लोखंडातील फॉस्फरसच्या अधिक प्रमाणामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला आहे. तो थर घडण्यासाठी ओले होणे आणि पुन्हा वाळणे, हे चक्र आवश्यक असते. त्याच स्तंभाच्या जमिनीत गाडलेल्या भागावर मात्र गंजाचे थर आढळले. एकच लोखंड, एकच कारागिरी. वाळावयास मिळाले तो भाग टिकला, ओलाव्यात कोंडला गेला तो झिजला. आमच्या विषयाचे सार याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

तेव्हा उपाय काय? ते विलक्षण साधे आहेत. दार उघडून खालच्या कडेवरून बोट फिरवावे, म्हणजे भोके सापडतात. खराट्याची एक हीर घेऊन ती हलक्या हाताने मोकळी करावी. लोखंडी तार वापरू नये, कारण तिने आतला रंग खरवडला जातो आणि गंजाला नवे दार मिळते. मग काच वर असताना बाहेरच्या रबरी पट्टीलगत तांब्याभर पाणी हळूहळू ओतावे आणि ते खालून गळते का पाहावे. गळणारे दार निरोगी; न गळणारे दार आजारी. आपल्या नित्याच्या समजुतीच्या हे अगदी विरुद्ध आहे, आणि म्हणूनच ध्यानात ठेवण्याजोगे. ताठरलेल्या पट्ट्या बदलाव्यात. खिडकीची यंत्रणा वा स्पीकर बसवताना कुणी आतला प्लास्टिकचा पडदा फाडला असेल तर तो पुन्हा नीट चिकटवून घ्यावा. गाडी धुतल्यावर दारे थोडा वेळ उघडी ठेवावीत. ओल्या गाडीवर प्लास्टिकचे आच्छादन घालू नये. याउपर, दाराच्या पोकळीत फवारायचे पातळ मेण मिळते. ते दुमडीत झिरपते. मात्र आधी आतला चिखल काढून दार पुरते वाळू द्यावे, फवारा काचेच्या रबरी मार्गावर व विजेच्या जोडण्यांवर जाऊ देऊ नये, आणि शेवटी पुन्हा एकदा हीर फिरवून भोके उघडी आहेत याची खात्री करावी. संरक्षणासाठी लावलेला थरच वाट बुजवू शकतो.

असे घडते याचा अनुभव आम्हांस आला. एका पावसाळ्याच्या तोंडावर एका रिक्षाने आमच्या गाडीच्या मागच्या दाराला धडक दिली. एका गॅरेजात दार सरळ करून, तळाला जोड देऊन, आतबाहेर डांबरासारखा काळा थर फासून मिळाला. काम देखणे होते. खंडेनवमीला, म्हणजे हत्यारे, अवजारे आणि हल्ली वाहने यांच्या पूजेच्या दिवशी, गाडी धुतल्यावर आम्ही रिवाजाप्रमाणे चारही दारांत पाणी ओतले. तीन दारे गळली. चौथे गळले नाही. भोके त्या काळ्या थराखाली गाडली गेली होती. कडेला बोट लावताच तीन-चार फोड लागले. दुसऱ्या एका मिस्त्रीने पेचकसाचे टोक टेकवले, तर रंगाचा पापुद्रा सुटून आला आणि तपकिरी पूड सांडली.

योगायोग असा की त्याच सुमारास आमची बदली ठरली होती आणि गाडी विभागातल्या एका तरुण सहकारी बाईंना द्यावयाची होती. गाडीला पंधरा वर्षे होत आली होती, म्हणजे तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरणही दारात उभे होते. मिस्त्रीला हे सारे ठाऊक होते. तो आवाज खाली करून म्हणाला, "सर, पुट्टी भरून रंग मारून देतो. दोन पावसाळे कुणाला कळायचं नाही." त्यात त्याचा दुष्टावा नव्हता, बहुतेक गिऱ्हाइके हेच मागत असावीत. दुसरा मार्ग पत्र्याची पट्टी कापून नवी जोडण्याचा, खर्च तिप्पट, गाडी आठवडाभर अडकणार. पुट्टीवर लोहचुंबक धरला तर तो चिकटत नाही हे आम्हांस माहीत होते; त्या बाईंना माहीत नसण्याचीच शक्यता अधिक होती. मोह कसा असतो हे त्या क्षणी आम्हांस पुरते समजले. तो मोठ्या अपराधाचा नसतोच. तो चार बोटे जागा झाकण्याचा असतो.

आम्ही पट्टी कापून घेतली. कापलेला तुकडा उलटा करून पाहिला. बाहेरची बाजू अजून निळी होती, आतली खवल्यांनी भरली होती. तो तुकडा बाईंना दाखवला, जोड कुठे आहे ते सांगितले, आणि किंमत त्यांनीच ठरवावी असे म्हटले. त्यांनी किंमत पाडली, थोडी जास्तच पाडली असे आजही वाटते. पण त्यांनी एक प्रश्न विचारला जो आम्हांस फार आवडला: "बाकीच्या तीन दारांतून पाणी गळतं ना?"

साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना सांगतो की संहितेच्या पृष्ठभागावर थांबू नका. हे सांगणे सोपे आहे, आणि बहुधा पृष्ठभागावरच राहते. पुढच्या वेळी कुणा संस्थेला, परंपरेला वा माणसाला गंज 'चढला' असे लिहिण्याआधी आम्ही तरी दोन प्रश्न विचारू: इथे आत आलेले पाणी बाहेर जाण्याची वाट कोणती होती, आणि ती कुणी, कोणत्या चांगल्या हेतूने बुजवली? रंगावरचा फोड मोजणे ही समीक्षा नव्हे. त्यासाठी वाकावे लागते, कडेखालून बोट फिरवावे लागते, आणि ते काम मे महिना सरण्यापूर्वी करावे लागते.