बाकावरचा माणूस

अप्रेझलचे दिवस आले की ऑफिसात दुसरा विषयच नसतो. कुणाला किती टक्के, कुणाचं कुठे अडलं. एक वर्ष वाईट गेलं की आपण स्वतःवर 'फेल' असा शिक्का मारून मोकळे! अशा वेळी मला एक स्पॅनिश काका आठवतात. अंतोनिओ लोपेझ हबास. आपल्या पुण्यात येऊन चक्क नापास झालेले.

हबास १९५७ साली जन्मले, कोर्दोबा प्रांतातल्या पोझोब्लांको गावात. बचावपटू. सेव्हिया, मुर्सिया, अ‍ॅटलेटिको माद्रिद अशा टीम्समध्ये होते, पण होस्टेलच्या भिंतीवर पोस्टर लावावं असे स्टार कधीच नव्हते. तिशीच्या आसपास खेळणं संपलं आणि कोचिंग सुरू झालं. १९९५ च्या कोपा अमेरिकेत बोलिव्हियाची टीम त्यांच्याकडे होती. ती क्वार्टर फायनलपर्यंत गेली. २००५ मध्ये व्हॅलेन्सियाने क्लॉडिओ रानिएरींना नारळ दिला, तेव्हा उरलेला मोसम हबासनीच सांभाळला. मग दक्षिण आफ्रिका. आणि २०१४ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, भारत.

इंडियन सुपर लीगचा तो पहिलाच मोसम. २० डिसेंबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये त्यांच्या कोलकात्याच्या टीमने केरळला १-० हरवलं. पहिलीच ट्रॉफी त्यांची!

२०१६ मध्ये हा चॅम्पियन कोच एफसी पुणे सिटीकडे आला. मी तेव्हा कॉलेजात. माझा आतेभाऊ भोर तालुक्यातल्या सारोळ्याचा, कबड्डीवेडा. सारोळ्याच्या नीरेवरच्या पुलापासून निघालेला हायवे कात्रज बायपासने थेट बालेवाडीला आणून सोडतो. तसा तो आला आणि आम्ही मॅच बघितली. फुटबॉलमधलं त्याला फार कळत नव्हतं, पण त्याची नजर बॉलवर नव्हतीच. "ताई, तो बाकावरचा माणूस बघ ना, प्लेयरपेक्षा जास्त दमलाय," एवढंच म्हणाला.

त्या मोसमात आठ टीम्समध्ये पुणे सहावं आलं. पुढच्या मोसमात हबास नव्हते. रान्को पोपोविच आले आणि त्यांनी पुण्याला पहिल्यांदा सेमीफायनलला नेलं. म्हणजे हबास यांचं अप्रेझल काय झालं असतं, ते सांगायला नकोच. २०१९ मध्ये तर क्लबच बंद पडला.

पण हबास थांबले नाहीत. कोलकात्याला परतले. १४ मार्च २०२० ला, कोविडमुळे रिकाम्या ठेवलेल्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये, पुन्हा चॅम्पियन. पुढच्याच वर्षी तिथेच फायनल हरले, तीही आपल्या मुंबई सिटीकडून. तिचा कोच सर्जिओ लोबेरा, दुसरा स्पॅनिश! २०२४ मध्ये मोहन बागानला लीग शील्ड मिळवून दिली, निर्णायक मॅचमध्ये मुंबईला हरवूनच. मग वयाच्या ६७ व्या वर्षी एक पायरी खाली, आय-लीगमध्ये, वाराणसीच्या इंटर काशीकडे. २०२५ च्या एप्रिलमध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला विजेते ठरवलं गेलं. जुलैमध्ये क्रीडा लवादाने तो निर्णय फिरवला आणि किताब इंटर काशीकडे आला.

हबास काही गोड स्वभावाचे म्हणून प्रसिद्ध नाहीत. मैदानाच्या कडेला त्यांचा पारा चढायचा. २०१६ मध्ये पुण्याचे सुरुवातीचे सामने त्यांना बंदीमुळे बाहेरच काढावे लागले. खेळही आधी गोल वाचवा, मग मारा, असा. तरीही मला त्यांची आठवण येते, कारण पुण्याचं ते वर्ष त्यांच्या बायोडेटात आज फक्त एक ओळ आहे. आणि ती ओळ शेवटची नाही.

हे मी आतेभावाला सांगितलं, कारण गोष्ट त्याच्यावरच येऊन ठेपली होती. एकविसाव्या वर्षी गुडघा गेला आणि त्याची कबड्डी सुटली. आता पुलापलीकडे शिरवळच्या एका कंपनीत आहे. फर्स्ट शिफ्ट संपली की संध्याकाळी गावातल्या पोरांना खेळवतो, फुकट. यंदा सुपरवायझर व्हायची संधी आली. पगार वाढणार, पण शिफ्ट बदलत राहणार. म्हणजे संध्याकाळचा सराव बंद.

आत्या मला म्हणाली, "पोरं खेळवून पोट भरतं का? तूच समजाव बाई त्याला."

मी समजवायला गेले. तो म्हणाला, "ताई, मी कुठं मोठा खेळाडू होतो गं? पण पोरांचा पाय कुठं चुकतो, ते मला लांबूनबी दिसतं."

यावर काय बोलणार! सुपरवायझरची जागा त्याने नाकारली. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा कोचिंगचा कोर्स असतो, त्याची माहिती काढून ठेवलीये. रजा मिळेल का, पैसे कुठून येतील, सगळं अजून लटकलेलंच आहे. आत्या आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती. परवा फोन आला, "अगं, त्या पतियाळाला थंडी फार असते का?"